पोर्ट फॉरवर्ड होत नाही? बंदिस्त राउटरमागचा कॅमेरा, टॅली आणि संगणक बाहेरून कसा उघडायचा

रावेर-यावलकडच्या केळीच्या मळ्यातला कॅमेरा पुण्याहून बघायचाय, जळगावच्या दुकानातली टॅली सुरतेत बसून उघडायचीय, किंवा शिरपूरच्या घरी हार्ड डिस्कवर ठेवलेले फोटो हॉस्टेलवर हवे आहेत. शोधलं की सगळीकडे एकच सल्ला मिळतो: राउटरमध्ये जा, पोर्ट फॉरवर्डिंगचा (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या ठरावीक यंत्राकडे वळवण्याचा) नियम टाका. तुम्ही टाकता, सेव्ह होतो, तरी बाहेरून काहीच उघडत नाही. कधी तो मेनूच दिसत नाही. कधी आज टाकलेला नियम उद्या गायब असतो.

ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे. बहुतेकांचा वेळ जातो तो चुकीच्या दुखण्यावर औषध करण्यात. म्हणून पायरी १ कितीही क्षुल्लक वाटली तरी वगळू नका. त्या पाच मिनिटांत पुढचे दोन-तीन दिवस वाचतात.

या लेखात आकडे मराठीत छापले आहेत. राउटरमध्ये किंवा संगणकावर टाकताना इंग्रजी आकडेच टाका.

हाताशी काय असावं

- राउटरच्या खालच्या स्टिकरचा फोटो (पत्ता, युजरनेम, पासवर्ड, मॉडेल)
- इंटरनेट जोडणीचा ग्राहक क्रमांक आणि नोंदवलेला मोबाइल. पीपीपीओई (नेट जोडणीच्या लॉगिनचा) युजरनेम-पासवर्ड असेल तर तोही
- ज्या यंत्रापर्यंत पोहोचायचंय त्याचा घरातला आयपी (जाळ्यातला पत्ता) आणि पोर्ट (त्या पत्त्यावरचा दार क्रमांक)
- मोबाइल डेटा चालू असलेला फोन. बाहेरून तपासणी यावरूनच करायची
- कायम चालू राहील असं एक छोटं यंत्र: रास्पबेरी पाय (एक छोटा, स्वस्त संगणक; पुढे नुसता 'पाय'), जुना लॅपटॉप किंवा दुकानातला संगणक (हे पायरी ६ पासून पुढे लागेल)
- स्टॅटिक आयपी किंवा व्यवसाय जोडणी घ्यायची असेल तर आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा. दुकानाच्या नावावर हवी असेल तर गुमास्ता परवाना किंवा जीएसटी क्रमांकही मागू शकतात

पायरी १: अडतंय कुठे ते आधी ओळखा

घरच्या वायफायवर असताना ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो, जिओच्या राउटरवर १९२.१६८.२९.१, तर काही ओएनटीवर (कंपनीच्या फायबरच्या डब्यावर) १९२.१६८.१००.१. स्टेटस किंवा इंटरनेट या पानावर वॅन आयपी (राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता) दिसतो, तो लिहून घ्या. मग त्याच वायफायवरून, मोबाइल डेटा आणि व्हीपीएन बंद ठेवून, गुगलवर 'व्हॉट इज माय आयपी' शोधा आणि तिथे दिसणारा आकडा शेजारी लिहा. तिथे अक्षरं आणि अपूर्णविरामांचा लांबलचक पत्ता दिसला तर तो आयपीव्ही६ आहे. तुलनेसाठी चार आकड्यांचा आयपीव्ही४ पत्ता हवा.

दोन्ही आकडे सारखे असले तर तुमच्याकडे पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोहोचता येणारा पत्ता) आहे. अडचण राउटरमध्येच आहे, म्हणजे सोडवता येण्यासारखी आहे. पायरी ३ कडे जा.

वेगळे असले तर वॅन आयपीचा पहिला भाग बघा:

- १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान: सीजीनॅट (एकच पब्लिक पत्ता अनेक घरांत वाटण्याची पद्धत). हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला.
- १० ने सुरू होणारा, किंवा १७२.१६ ते १७२.३१ मधला: कंपनीच्या किंवा केबल ऑपरेटरच्या खासगी जाळ्यात आहात. परिणाम सीजीनॅटसारखाच.
- १९२.१६८ ने सुरू होणारा: बहुतेक वेळा तुमच्या राउटरच्या मागे घरातच दुसरा राउटर आहे. कंपनीच्या डब्याला तुम्ही स्वतःचा राउटर जोडला असेल तर असंच दिसणार. आता कंपनीच्या डब्याचं पान उघडा आणि त्याचा वॅन आयपी बघा. खरं उत्तर तिथे आहे.

एक बारीक गोष्ट: १०० ने सुरू होणारा प्रत्येक आयपी सीजीनॅटचा नसतो. दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल तरच.

तपासताना दोन ठिकाणी हमखास फसगत होते. घरच्याच वायफायवर बसून 'बाहेरचा' पत्ता उघडून बघू नका. पुष्कळ राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येऊ देत नाहीत, त्यामुळे नियम बरोबर असूनही बंद दिसतो. आणि पोर्ट तपासणाऱ्या संकेतस्थळावर 'क्लोज्ड' आलं म्हणजे नियम चुकला असंच नाही. त्या पोर्टवर ऐकणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर चालू नसेल तरी तेच उत्तर येतं. आधी घरातल्या दुसऱ्या संगणकावरून ते यंत्र उघडतंय का बघा.

पायरी २: सीजीनॅट असेल तर राउटरशी झगडू नका

जगातले आयपीव्ही४ पत्ते संपत आले. आशिया-प्रशांत विभागाचा शेवटचा मोठा साठा एप्रिल २०११ मध्येच वापरायला काढावा लागला. तेव्हापासून कंपन्या एक पब्लिक पत्ता अनेक घरांत वाटतात. मोठ्या वाड्यात पन्नास बिऱ्हाडं आणि बाहेर पाटी एकच, अशी ही व्यवस्था: आतून कुणीही बाहेर जातो, पण बाहेरून आलेल्या पाहुण्याला कुठल्या बिऱ्हाडात पाठवायचं हे दारावरच्या माणसाला माहीत नसतं, म्हणून तो त्याला परत पाठवतो. तो दारावरचा माणूस कंपनीच्या यंत्रणेत बसलेला आहे. तुमच्या राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, यूपीएनपी (आपोआप पोर्ट उघडणं), डीएमझेड (बाहेरून आलेलं सगळं एकाच यंत्राकडे सोडणं) काहीही चालू केलं तरी त्या माणसाला ते कळत नाही.

डीडीएनएसही इथे कामाचं नाही. बदलता पब्लिक आयपी नावाला बांधून ठेवणं एवढंच ते करतं. जिथे पब्लिक आयपी तुमचा एकट्याचा नाहीच तिथे ते काय करणार? 'सीजीनॅटवर चालणारं डीडीएनएस' म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

फायबर असो, गावातल्या केबल ऑपरेटरचं नेट असो वा मळ्यात सिम टाकून चालवलेला फोर-जी राउटर असो, घरगुती जोडणीवर आज सीजीनॅट भेटण्याचीच शक्यता जास्त. सिमवर तर जवळपास गृहीतच धरा. तुमच्यासाठी मग चार वाटा उरतात: स्टॅटिक आयपी (पायरी ४), आयपीव्ही६ (५), आतून बाहेर काढलेलं टनेल (६ आणि ७), किंवा भाड्याचा सर्व्हर (८).

आणि फक्त कॅमेराच बघायचा असेल, बाकी काही नको, तर यातलं काहीच करू नका. आजचे बहुतेक डीव्हीआर-एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारे डबे) कंपनीच्या पीटूपी सेवेवर (कंपनीच्या सर्व्हरच्या मदतीने फोनशी जुळणाऱ्या) चालतात. डीव्हीआरच्या नेटवर्क मेनूत पीटूपी किंवा क्लाउड चालू करा, स्टेटस 'ऑनलाइन' होऊ द्या, कंपनीच्या अ‍ॅपमधून क्यूआर कोड स्कॅन करा. सीजीनॅट असो नसो, हे चालतं. 'ऑफलाइन'च राहिलं तर डीव्हीआरचा गेटवे (राउटरचा आतला पत्ता) आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारा सर्व्हर) बघा. हाताने आयपी टाकताना गेटवे कोरा किंवा चुकीचा राहणं हेच नेहमीचं कारण असतं.

पायरी ३: पब्लिक आयपी आहे, पण राउटर बंदिस्त

कंपनीने दिलेल्या राउटरवर बहुधा दोन लॉगिन असतात: ग्राहकाचं साधं आणि तंत्रज्ञाचं मोठं. साध्या लॉगिनमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचं पान लपवलेलं असू शकतं. शिवाय कंपनी टीआर-०६९ या पद्धतीने राउटर दुरून हाताळते. रात्रीतून नियम गायब होतो तो त्यामुळेच. राउटर बिघडलेला नसतो.

पहिला उपाय सगळ्यात साधा: ग्राहक सेवेकडे लेखी तक्रार करून तो नियम टाकून मागा. मागताना तिन्ही गोष्टी द्या: आतला आयपी, पोर्ट, आणि टीसीपी की यूडीपी (डेटा पाठवण्याच्या दोन पद्धती). 'कॅमेरा दिसत नाही' एवढंच सांगितलं तर तंत्रज्ञ येऊन वायफायचा वेग तपासून जाईल.

नियम टाकायला मिळाला तर त्याआधी यंत्राचा आतला आयपी पक्का करा. राउटरच्या डीएचसीपी पानावर (जिथून यंत्रांना आयपी वाटले जातात) त्या यंत्राच्या मॅक पत्त्याला (त्याच्या हार्डवेअर क्रमांकाला) एक आयपी राखून ठेवा. हे केलं नाही तर वीज जाऊन आल्यावर डीव्हीआरला वेगळा आयपी मिळतो आणि नियम रिकाम्या जागेकडे बोट दाखवत राहतो. विंडोज संगणक असेल तर त्याच्या फायरवॉलमध्येही ते पोर्ट उघडावं लागतं.

नेहमी लागणारी पोर्टं: हाइकव्हिजनचं ८०००, सीपी प्लस आणि दाहुआचं ३७७७७, कॅमेऱ्याच्या आरटीएसपी (थेट व्हिडिओच्या) प्रवाहाचं ५५४, रिमोट डेस्कटॉपचं ३३८९, टॅलीचं ९०००, वायरगार्डचं (एक व्हीपीएन सॉफ्टवेअर) यूडीपी ५१८२०. ८० आणि ४४३ (संकेतस्थळांची नेहमीची पोर्टं) कंपनीकडूनच अडवलेली असू शकतात, म्हणून बाहेरच्या बाजूला २०००० च्या वरचं एखादं पोर्ट घेऊन बघा.

यातलं ३३८९ आणि डीव्हीआरची पोर्टं मात्र कृपा करून उघड्यावर ठेवू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने मूळ पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. उघड्या रिमोट डेस्कटॉपमधून शिरून दुकानाचा हिशोब कुलूपबंद करणं आणि पैसे मागणं हे आजही रोज चालतं. पोर्ट क्रमांक बदलला तरी शोधणाऱ्याला ते काही तासांत सापडतं. पब्लिक आयपी असला तरी एकच पोर्ट उघडा, ते वायरगार्डचं, आणि बाकी सगळं त्याच्या आतून वापरा.

*स्वतःचा राउटर लावायचा असेल तर:* उत्तम मार्ग म्हणजे कंपनीचा डबा ब्रिज मोडवर टाकून घेणं. त्यात ओएनटी फक्त फायबरचा सिग्नल इथरनेटवर देतो आणि पब्लिक आयपी थेट तुमच्या राउटरवर येतो. मागणी करताना पीपीपीओई युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी (कंपनीच्या जाळ्यातला तुमच्या जोडणीच्या मार्गाचा क्रमांक) हे तिन्ही लिहून घ्या. व्हीलॅन आयडी राहिला की तुमचा राउटर 'कनेक्टिंग'वरच अडकून बसतो आणि दोष नव्या राउटरला दिला जातो. लँडलाइन त्याच डब्यावर असेल तर 'व्हॉइस तसंच ठेवा' हे स्पष्ट सांगा.

ब्रिज मिळत नसेल तर कंपनीच्या डब्यात डीएमझेडचा पर्याय शोधा, तिथे तुमच्या राउटरचा आयपी टाका आणि पोर्टचे नियम तुमच्या राउटरवर लिहा. दोन्ही राउटरचे आतले पट्टे वेगळे हवेत. एक १९२.१६८.१ वर असेल तर दुसरा १९२.१६८.५७ वर न्या.

कंपनीच्या डब्याचं रिसेट बटण टाचणीने दाबू नका. त्यात पीपीपीओई, व्हीलॅन आणि काही डब्यांत फायबरच्या नोंदणीची माहितीही जाते. वायफाय दिसतं, पण नेट येत नाही, आणि तंत्रज्ञ येईपर्यंत घर बंद. काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

पायरी ४: स्टॅटिक आयपी मागताना काय विचारायचं

व्यवसायासाठी हा सरळ मार्ग आहे. पण फोनवरच्या माणसाला 'स्टॅटिक आयपी मिळेल का' एवढंच विचारू नका. खासगी पट्ट्यातला कायमचा आयपी हाही 'स्टॅटिक'च असतो आणि तो तुम्हाला निरुपयोगी आहे. असे विचारा: आयपी पब्लिक आहे का? आत येणारी पोर्टं अडवलेली आहेत का? माझ्या सध्याच्याच प्लॅनवर मिळेल की व्यवसायाचा प्लॅन घ्यावा लागेल? रक्कम महिन्याची की वर्षाची, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरलाय का? उत्तर ईमेल किंवा मेसेजवर घ्या.

गावच्या केबल ऑपरेटरकडे नेट असेल तर कॉल सेंटरच्या रांगेत न लागता थेट त्याच्या ऑफिसात जाऊन बोला. काही ऑपरेटरांकडे थोडे पब्लिक आयपी असतात. नाही म्हणाला तर आग्रह नको. त्याच्याही वर आणखी एक कंपनी असते आणि तिथे त्याचा हात पोहोचत नाही.

पायरी ५: आयपीव्ही६ वरून

आयपीव्ही६ च्या वापरात भारत जगात वरच्या रांगेत आहे, आणि हा मार्ग इथे लोक विनाकारण सोडून देतात. आयपीव्ही६ मध्ये घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा पब्लिक पत्ता मिळतो. फॉरवर्ड करायला काही उरतच नाही, फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या यंत्राच्या त्या पोर्टला आत येऊ द्यायचं.

अडतं ते तीन ठिकाणी. कंपनीच्या राउटरमध्ये आयपीव्ही६ फायरवॉलचा नियम लिहिण्याची सोय नसू शकते. तसं असेल तर हा मार्ग इथेच संपला. पूर्ण फायरवॉल बंद करण्याचं बटण असलं तरी ते दाबू नका, घरातलं प्रत्येक यंत्र उघडं पडेल. दुसरं, पत्त्याचा पुढचा भाग अधूनमधून बदलतो, म्हणून एएएए नोंद (नावाला आयपीव्ही६ पत्ता जोडणारी) बदलणारं डीडीएनएस हवं. तिसरं, जिथून बघायचं तिथेही आयपीव्ही६ हवं. मोबाइल डेटावर ते बहुधा असतं, कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या वायफायवर पुष्कळदा नसतं. जुने डीव्हीआर तर आयपीव्ही६ ओळखतच नाहीत.

पायरी ६: टेलस्केल, म्हणजे आतून बाहेर काढलेली वाट

टेलस्केल म्हणजे तुमची यंत्रं एका खासगी जाळ्यात जोडणारं सॉफ्टवेअर. घरगुती वापरासाठी आमची पहिली शिफारस हीच. राउटरला हात लावायचा नाही, पब्लिक आयपी नको, सिमवरही चालतं. घरातलं यंत्र स्वतःहून बाहेर जोडणी करतं. बाहेर जायला कुणी अडवत नसल्याने सीजीनॅटचा प्रश्नच येत नाही. आतून ते वायरगार्डवर चालतं आणि वैयक्तिक वापरासाठी मोफत योजना आहे. झिरोटियर हा याच जातीचा दुसरा पर्याय.

अ) गुगल, मायक्रोसॉफ्ट किंवा अ‍ॅपलच्या खात्याने नोंदणी करा. त्या खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन आधीच लावून घ्या. हे खातं म्हणजेच आता तुमच्या घराची किल्ली आहे.

आ) घरच्या किंवा दुकानातल्या संगणकावर टेलस्केल टाका, त्याच खात्याने लॉगिन करा. फोनवरही तेच. दोघांनाही १०० ने सुरू होणारा पत्ता मिळेल. टेलस्केल सीजीनॅटचाच राखीव पट्टा वापरतं, त्यामुळे हा पत्ता बघून 'परत सीजीनॅट आलं' असं समजू नका.

इ) फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावरून संगणकाचा तो १०० चा पत्ता उघडा. टॅली चालवायची असेल तर त्याच पत्त्यावर रिमोट डेस्कटॉप लावा. रिमोट डेस्कटॉपला येऊ देणं विंडोज प्रोमध्येच जमतं, होममध्ये नाही. होम असेल तर रस्टडेस्कसारखं सॉफ्टवेअर घ्या.

ई) डीव्हीआरवर टेलस्केल टाकता येत नाही, तिथे सबनेट राउटर लागतो. घरातलं एक यंत्र सगळ्या घराच्या वतीने टेलस्केलशी बोलतं. रास्पबेरी पायवर दोन कामं: लिनक्सचं आयपी फॉरवर्डिंग चालू करणं, आणि टेलस्केल सुरू करताना 'अ‍ॅडव्हर्टाइज राउट्स' या पर्यायात घरचा पट्टा देणं, उदाहरणार्थ १९२.१६८.५७.०/२४. यानंतर टेलस्केलच्या संकेतस्थळावर, अ‍ॅडमिन पानावर, त्या यंत्रासमोर हा राउट मंजूर करावा लागतो. निम्मे लोक इथे अडकतात. पायवर सगळं बरोबर असतं, पण मंजुरी राहिलेली असते. मंजूर झाला की फोनवरून डीव्हीआरचा नेहमीचाच १९२.१६८.५७ वाला पत्ता उघडतो. डीव्हीआरमध्ये काहीही बदलावं लागत नाही. बघणारा संगणक लिनक्स असेल तर त्यावर 'अ‍ॅक्सेप्ट राउट्स' चालू करा. फोन आणि विंडोज ते आपोआप स्वीकारतात.

आता त्यात काय बिघडतं ते.

*दोन्हीकडे एकच पट्टा.* घरी १९२.१६८.१ आणि पुण्याच्या खोलीवरही १९२.१६८.१ असेल तर फोन डीव्हीआर त्या खोलीतच शोधत बसतो. घरचा पट्टा आधीच ५७, ८३ असा कुणी सहसा वापरत नाही असा ठेवा. पट्टा बदलल्यावर डीव्हीआरमध्ये हाताने टाकलेला आयपी आणि गेटवेही बदला.

*किल्लीची मुदत.* नव्या यंत्राची किल्ली (टेलस्केलमधलं त्याचं लॉगिन) साधारणपणे १८० दिवसांनी संपते. मळ्यातलं यंत्र सहा महिन्यांनी अचानक बाहेर पडतं, आणि परत लॉगिन करायला तिथे जावं लागतं. अ‍ॅडमिन पानावर फक्त त्या एका यंत्रासाठी 'डिसेबल की एक्स्पायरी' करून ठेवा. फोनसाठी करू नका.

*विंडोजवर लॉगआउट.* संगणक परत सुरू झाला, पण कुणी लॉगिन केलं नाही, तर टेलस्केल जोडलं जात नाही. मेनूत 'रन अनअटेंडेड' चालू करा. स्लीप कायमची बंद करा.

*चित्र अडखळणं.* दोन्ही टोकांना थेट जोडणी जुळली नाही तर डेटा टेलस्केलच्या रिले सर्व्हरमार्गे फिरतो आणि हळू होतो. टेलस्केलच्या पिंगमध्ये 'व्हाया डर्प' दिसलं की हेच कारण. घरच्या राउटरवर आयपीव्ही६ चालू करा, थेट जोडणी जुळण्याची शक्यता बरीच वाढते. तरी नाही जमलं तर कॅमेऱ्याचा मुख्य प्रवाह सोडून सब-स्ट्रीम बघा. १०८० पीचा मुख्य प्रवाह २ ते ४ एमबीपीएस खातो, सब-स्ट्रीम अर्धा एमबीपीएसमध्ये भागतो. चार कॅमेऱ्यांचा हिशोब करा: सिमच्या अपलोडवर १२ एमबीपीएस मिळणं कठीण, २ मिळून जातो. जोडणी घेताना लोक डाउनलोडचा वेग विचारतात. इथे काम अपलोडचं आहे.

पायरी ७: चार लोकांना लिंक द्यायची असेल तर क्लाउडफ्लेअर टनेल

टेलस्केलमध्ये बघणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर अ‍ॅप हवं. घरच्या संगणकावरचं संकेतस्थळ किंवा होम असिस्टंटचं (घरातली स्मार्ट उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) पान कुणालाही ब्राउझरमध्ये उघडता यावं, असं असेल तर क्लाउडफ्लेअर टनेल घ्या. ते मोफत आहे, पण स्वतःचं डोमेन लागतं आणि त्याचे नेमसर्व्हर क्लाउडफ्लेअरकडे वळवावे लागतात.

डॅशबोर्डच्या झिरो ट्रस्ट भागात टनेल तयार करा, दिलेला टोकन वापरून घरच्या संगणकावर क्लाउडफ्लेअर्ड हा प्रोग्राम सर्व्हिस म्हणून बसवा, मग सबडोमेन कुठल्या आतल्या पत्त्यावर न्यायचं ते लिहा. होम असिस्टंट असेल तर पोर्ट ८१२३. तो उघडताना '४०० बॅड रिक्वेस्ट' आला तर होम असिस्टंटच्या सेटिंगमध्ये टनेलचा पत्ता ट्रस्टेड प्रॉक्सी म्हणून नोंदवायचा राहिलाय.

लिंक ज्याला माहीत तो दारात पोहोचतो. म्हणून अ‍ॅक्सेसचा नियम लावा: ठरावीक ईमेलवर कोड येईल, तो टाकल्यावरच पान उघडेल. ५० जणांपर्यंत ही सोयही मोफत आहे. मोफत योजनेत एका वेळी १०० एमबीपेक्षा मोठी फाइल चढत नाही, आणि कॅमेऱ्याचा सततचा व्हिडिओ इथून पाठवणं त्यांच्या अटींत बसत नाही. डीव्हीआर इथे आणूच नका.

पायरी ८: भाड्याचा सर्व्हर

गेम सर्व्हर, एखादं जुनं सॉफ्टवेअर, किंवा अ‍ॅप न टाकता थेट पोर्टच हवं असेल, तर मुंबई किंवा बंगळुरूच्या डेटा सेंटरमधला सगळ्यात लहान व्हीपीएस (स्वतःचा पब्लिक आयपी असलेला छोटा सर्व्हर) भाड्याने घ्या. लिनक्सची सवय असेल तरच या वाटेला जा. घरचं यंत्र वायरगार्डने व्हीपीएसला जोडायचं आणि व्हीपीएसवर आलेलं पोर्ट त्या टनेलमधून घराकडे वळवायचं.

घरच्या बाजूच्या फाइलमध्ये 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ टाका. हे नसेल तर काही वेळ शांतता राहिल्यावर सीजीनॅट ती जोडणी विसरतं आणि बाहेरून परत उघडता येत नाही. पिंग जातं पण पानं अर्धवट उघडतात असं झालं तर एमटीयू (एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याचा कमाल आकार) १४२० वरून १३८० वर आणून बघा. वायरगार्ड नको असेल तर एसएसएचचं (दुरून लॉगिन करण्याच्या पद्धतीचं) उलटं टनेलही चालतं, फक्त सर्व्हरच्या सेटिंगमध्ये 'गेटवे पोर्ट्स' चालू करावं लागतं, नाहीतर ते पोर्ट व्हीपीएसच्या आतच ऐकत राहतं. व्हीपीएस कंपनीच्या डॅशबोर्डवर वेगळी फायरवॉल असते, तिथेही पोर्ट उघडायला विसरू नका.

पायरी ९: वीज आणि ऊन

आपल्याकडे सॉफ्टवेअरपेक्षा याच दोन गोष्टी जास्त घात करतात. भारनियमनात डीव्हीआर इन्व्हर्टरवर असतो आणि ओएनटी साध्या सॉकेटवर, मग कॅमेरे रेकॉर्ड करतात पण बाहेरून काही दिसत नाही. ओएनटीच्या अ‍ॅडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर बघा (बहुतेक १२ व्होल्ट, १ ते २ अँपिअर), आणि तेवढाच किंवा जास्त अँपिअरचा मिनी यूपीएस लावा. व्होल्ट मात्र तंतोतंत तेवढेच हवेत.

रास्पबेरी पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लागतो. मोबाइलच्या साध्या चार्जरवर तो मध्येच बंद पडतो. वीज झटकन गेली तर मेमरी कार्ड खराब होतं, म्हणून पायही त्याच बॅकअपवर ठेवा आणि चालू झालेल्या कार्डाची एक नक्कल काढून ठेवा. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत बंद पेटीत ठेवलेला पाय ८० अंशांवर गेला की स्वतःचा वेग कमी करतो. पेटी पत्र्याला चिकटवू नका, खालच्या बाजूला, सावलीच्या भिंतीवर, हवा खेळेल अशी लावा. दुकानातला संगणक वापरत असाल तर बायॉसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय चालू करा.

गाव सोडण्याआधी एक परीक्षा घ्या. घरचा किंवा मळ्याचा मेन स्विच बंद करा आणि इन्व्हर्टर, मिनी यूपीएसही काढा, म्हणजे सगळी यंत्रं खरोखर बंद पडतील. दहा मिनिटं थांबा. मग सगळं परत जोडून स्विच चालू करा आणि कशालाही हात न लावता बाहेर रस्त्यावर जाऊन मोबाइल डेटावरून कॅमेरा उघडा. पाच-सात मिनिटांत आपोआप दिसला तर बसवणं पूर्ण झालं. नाही दिसला तर कुठलं यंत्र परत उठलं नाही ते तुम्ही तिथे असतानाच शोधा: ओएनटीचा पॉन (फायबरचा) दिवा स्थिर आहे का, राउटरला आयपी मिळाला का, पाय टेलस्केलच्या यादीत हिरवा दिसतोय का. याच क्रमाने.